हलीमाखालाची हडळ

"दुबईत लोकर?"

हा प्रश्न हलीमाखालाला ज्यानं ज्यानं विचारला, त्याचा हात तिनं आधी धरला आणि मग उत्तर दिलं. हात धरायची ती मापासाठी. टेप वगैरे भानगड नाही. मनगटाला आपल्या अंगठ्याचं आणि मधल्या बोटाचं कडं घालायचं, तळव्यावर वीत ठेवायची, अंगठा जरा वळवून बघायचा, संपलं माप. बघणाऱ्याला वाटावं, बाई भविष्य सांगतेय.

माझाही हात तिनं असाच धरला, लिफ्टमध्ये. अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट इतकी रेंगाळत चालते की तळमजल्यावर अनोळखी असलेल्या दोन बायका सहाव्यावर उतरेपर्यंत एकमेकींच्या सासरची चौकशी करून मोकळ्या होतात. जुलै महिना होता. बाहेर डांबर वितळायचं तेवढं बाकी, आणि कोपऱ्यात ही ठेंगणी, गोल चेहऱ्याची, डोक्यावर पांढरी ओढणी घेतलेली बाई उभ्या उभ्या लोकर विणतेय! मला राहवेना.

"अहो, या उन्हाळ्यात लोकर?"

माझ्या बॅगेला लटकणारं गणपतीचं कीचेन बघून ती मराठीतच म्हणाली, "तुझ्या ऑफिसात एसी कितीवर असतो गो?"

"अठरावर. आमचा मॅनेजर ऐकतच नाही."

"मग? थंडी काय आभाळातनंच पडायला लागते?" आणि धरला की हात.

चार दिवसांनी दाराच्या कडीला पिशवी लटकत होती. आत बिनबोटांचे हातमोजे, करड्यावर निळे मासे. ते घालून मी ऑफिसात टाइप करायला बसले तेव्हा आधी सगळे हसले आणि आठवड्याभरात सात जण मला विचारायला लागले, तुझ्या त्या आंटी ऑर्डर घेतात का. ऑर्डर ती घेत नसे. हात घेऊन या म्हणायची.

पहिले काही महिने मी तिला अहो-जाहो करायचे. एक दिवस म्हणाली, "अहो म्हणणाऱ्यांना मी सांदणं वाढत नाही." तिची नारळाच्या दुधातली सांदणं मी तोवर एकदा खाल्लेली होती. मी त्या मिनिटाला 'खाला' आणि 'अगं'वर आले. माणसानं उगाच ताठा किती धरावा.

दर शनिवारी चार वाजता तिच्या हॉलमध्ये आमची बैठक भरायची. बैठक म्हणजे सोफ्याच्या एका टोकाला खाला, दुसऱ्या टोकाला मी, आणि खुर्चीत तिचे मिस्टर उस्मानचाचा. चाचा दिवसभरात बारा-पंधरा वाक्यं बोलत, पण जे बोलत ते जपून ठेवावं असं. खालानं मला विणायला शिकवलं, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला. मी नाशिकची, आमच्याकडे थंडीत स्वेटर दुकानातून आणतात. साधे टाके मला जमले. पण दोन रंगांचं काम आलं की माझी भंबेरी उडायची.

"दोन रंग म्हणजे एका घरात दोन जावा," खाला सांगायची. "एक पुढं मिरवते तेव्हा दुसरीनं मागून गुपचूप चालायचं. मागचीला ओढून धरलंस तर सगळं घर आकसतं. सैल सोडलीस तर बोटं अडकतात तिच्यात. दोघींना सारखा मान."

माझं काम हातात घेतलं की ती आधी उलटं करायची. पुढची नक्षी बघायचीच नाही. आतल्या बाजूनं धागे कसे गेलेत ते बोट फिरवून तपासायचं आणि मग, "उसव." झालं! दोन तासांची मेहनत दोन मिनिटांत गुंड्यावर परत. मी चिडून म्हणायचे, "अगं, पण पुढून छान दिसतंय ना!" त्यावर ठरलेलं उत्तर: "पुढून सगळेच छान दिसतात गो." मला खात्री आहे, मुलासाठी मुलगी बघायला गेली तेव्हाही हिनं तिला आधी पाठमोरी उभी केली असणार.

हे विणकाम तिनं रत्नागिरीहून आणलेलं नव्हतं. रत्नागिरीकडे, तिच्या खाडीकाठच्या गावात, लोकर कोण विणतंय? लग्न होऊन ती इथं आली तेव्हा उस्मानचाचा मासळीच्या कोल्ड स्टोअरमध्ये होते. बाहेर सेहेचाळीस डिग्री, आत उणे वीस. दिवसातून चाळीस वेळा आत-बाहेर. मिळालेले हातमोजे दोन महिन्यांत फाटायचे, आणि चाचा घरी यायचे ते बोटं काखेत धरून. जेवताना घास हातातून सुटायचा. खाला तेव्हा वीस-एकवीस वर्षांची. तिला ते बघवेना. खालच्या मजल्यावर पहाडातली एक बाई राहायची. तिच्याकडे ती रोज दुपारी जाऊन बसली आणि महिन्याभरात हातमोजा विणून उठली. चार बोटं एका घरात आणि अंगठा वेगळा, कारण बोटं एकमेकांना चिकटून राहिली की ऊब टिकते. आणि दोन रंग, कारण दुसरा धागा मागून जातो म्हणजे कापड दुहेरी होतं.

"नक्षी शोभेला नसते, अनू," ती मला म्हणाली होती. "नक्षी उबेला असते. दिसते ते वरचं."

मग काय, चाचांचे हातमोजे बघून स्टोअरमधल्या सगळ्यांना ते हवेसे झाले. ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तिनं प्रत्येकाची खूण ठरवली. केरळच्या माणसाला नारळ, पेशावरच्या पठाणाला कलिंगड, एका बंगाल्याला कावळा, कारण तो फार बोलायचा. तो पठाण पुढं कधीतरी नोकरी सोडून गेला, पण जाताना दाराशी येऊन म्हणाला म्हणे, "बहन, मेरा तरबूज फट गया, एक और बना दो." हे सांगताना खाला दर वेळी नवीन असल्यासारखी हसायची आणि चाचा दर वेळी मान हलवायचे.

आता तिची नात झोया. अकरा वर्षांची, चुणचुणीत, इथंच जन्मलेली. दादीचं मराठी-हिंदी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. खाला म्हणायची, "माझं पत्र जातं देवनागरीत, जवाब येतो विलायतेहून." तरी दोघींचं मेतकूट. झोया शाळेतून आली की दप्तर टाकून आधी दादीच्या मांडीवर डोकं.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. खालाचा मुलगा इरफान, त्याचे कॅनडाचे कागद आले. जानेवारीत जायचं ठरलं. आणि इथं राहायचं म्हणजे व्हिसा लागतो. चाचा रिटायर झालेले, दोघं म्हातारे इरफानच्या व्हिसावर होते. तो जाणार म्हणजे यांनाही गाशा गुंडाळून गावी जायचं. इतक्या वर्षांचं घर खलास. "कॅनडात बर्फ असतो ना? झोयाला हातमोजे लागतील," खाला एवढंच म्हणाली.

झोयाला विचारलं, कुठली नक्षी हवी? झोया नुकतीच शाळेत वेशभूषेला चेटकीण होऊन गेली होती, तोच वारा डोक्यात. तिनं टॅबलेटवर चित्र दाखवलं. नारंगी लोकरीवर काळी चेटकीण, टोकदार टोपी, झाडूवर बसून चाललीय, मागं चंद्र. "दादी, आय वाँट विचेस."

खालानं कानाला हात लावले. "तोबा! पोरीच्या हातावर हडळ?"

"खाला, हडळ नाही, चेटकीण," मी मध्ये तोंड घातलं.

"दोघी एकाच माहेरच्या. परक्या मुलुखात पोर चाललीय, आणि हातावर हे अभद्र घेऊन? मी मोर काढते. मासे काढते."

"आय डोन्ट वाँट फिश! आय हॅव हॅड फिश माय होल लाइफ!" झोयाचा आवाज चढला. "देन आय डोन्ट वाँट एनीथिंग. ममा विल बाय फ्रॉम द मॉल." आणि दार धाडकन.

त्या दिवसापासून मांडीवर डोकं बंद. एकाच घरात राहून पोरगी "हाय दादी, बाय दादी"वर आली. खाला वरून हसत होती, पण तीन शनिवार तिनं एक टाका विणला नाही. चौथ्या शनिवारी म्हणाली, "अनू, ती तिथं गेल्यावर मला आठवेल का गो? फोनवर तोंड दिसतं. पण हात? माझ्या हाताचं काहीतरी तिच्या हाताला हवं ना." मी सांदण खात राहिले.

तेव्हा खुर्चीतून उस्मानचाचांनी दिवसातलं एक वाक्य खर्च केलं.

"तीस वर्षं एका हडळीनंच माझे हात गरम ठेवले. मी काय मेलो?"

खालानं उशी फेकून मारली. पण हसता हसता डोळे पुसले, आणि मला म्हणाली, "यल्ला, चल, ऊठ. लोकर आणायची."

बर दुबईतल्या दुकानात नारंगी गुंडा अठरा दिरहमला. "म्हणजे चारशे रुपयांच्या वर!" असं खाला तिथंच इतक्या मोठ्यानं म्हणाली की दुकानदारानं घाबरून एक सुई फुकट दिली. घरी येऊन चौकटीच्या वहीवर चित्र उतरवायला बसलो. आणि आता मीच अडले.

"खाला, झाडूवर नको बसवू. केरसुणी म्हणजे लक्ष्मी. आमच्याकडे पाय लागला तरी नमस्कार करतात, ही तर वर बैठक मारून बसलीय!"

खालानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "त्या दिवशी मला शिकवत होतीस ना? हडळ नाही, चेटकीण?"

"ते वेगळं."

"असू दे. तुझी लक्ष्मी मला नको दुखवायला." विचार करून म्हणाली, "झावळीवर बसवते. केरसुणी व्हायच्या आधीची. माडाची म्हण, खजुरीची म्हण. म्हणजे इकडचीही झाली, तिकडचीही."

तर अशी आमची चेटकीण झावळीवर बसली. शेवटी खालानं तिच्या पायांचे दोन चौकोन पुढून खोडले आणि मागं नेले. पावलं उलटी. मी म्हटलं, चित्रात तर तसं नाही. "चित्र काढणाऱ्याला काय ठाऊक? सरळ पायांची हडळ असते का कुठं? ती मग नुसती बाजाराला निघालेली बाई."

उजवा हातमोजा तिनं आठ दिवसांत विणला. असा विणला की काय सांगू! मी आधी उलटा करून बघितला, तिच्याच पद्धतीनं. आतून काळा धागा एका नादात गेलेला, कुठं ताण नाही, कुठं झोळ नाही. झोयापासून सगळं लपवून चाललं होतं. घरात सामानाची बांधाबांध, खोक्यांवर खोकी. आणि निघायला पाच दिवस राहिले असताना बाईसाहेब एकट्यानं बॅग उचलायला गेल्या. उजवं मनगट मुरगळलं, चांगलं सुजून टम्म. डॉक्टरनं पट्टा बांधला आणि सांगितलं, तीन आठवडे हात हलवायचा नाही.

मी गेले तर पलंगावर बसलेली, मांडीवर एकच हातमोजा. तिला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. "एका हाताचं काय करायचं गो तिनं?" म्हणाली.

"मी करते दुसरा," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. माझं विणकाम तिला ठाऊक होतं. पण नाही म्हणाली नाही. वही माझ्या हातात दिली. "धागा ओढू नकोस," एवढंच म्हणाली.

चार दिवस मी ऑफिसच्या लंच टाइममध्ये विणलं, मेट्रोत विणलं, घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून टाके मोजले. नवऱ्यानं तीन दिवस बाहेरून बिर्याणी मागवली आणि ब्र काढला नाही, भला माणूस. शेवटच्या दिवशी दुपारी अंगठा बंद केला आणि धावत खालाकडे गेले. दोन्ही हातमोजे पलंगावर शेजारी ठेवले.

खालाची चेटकीण डावीकडे तोंड करून चाललेली. माझी उजवीकडे!

आधी काही कळेना. मग खालानं वही घेतली, ओळीवर बोट ठेवलं आणि फिरवलं, उजवीकडून डावीकडे. लहानपणी मदरशात कुराण वाचलेली, उर्दू शिकलेली बाई. तिच्या डोळ्यांना ओळ उजवीकडूनच सुरू होते, आणि विणताना तेच बरोबर असतं, कारण टाकेही उजवीकडूनच पुढं जातात. मी आपली बालवाडीपासून डावीकडून उजवीकडे. प्रत्येक ओळ मी उलटी वाचत आले होते. सगळीच्या सगळी बाई फिरली होती.

"उसवते," मी म्हटलं. रडूच येत होतं. विमान पहाटेचं होतं, उसवून परत विणायला वेळ कुठला.

खालानं माझा हातमोजा घेतला. आधी उलटा केला. डाव्या हाताचं बोट आतून सावकाश फिरवलं.

"धागा बरा गेलाय," ती म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा! मग तिनं दोन्ही हातमोजे धरले, पाठीला पाठ न लावता, शेजारी शेजारी, जसे दोन हात समोर धरतो तसे. आणि हसायला लागली. पलंग हलेपर्यंत हसली. "अगो बाय, बघ तरी! तोंडाला तोंड लावून बोलतायत दोघी! मी केला असता ना, तर एकीच्या मागं दुसरी पळाली असती. आयुष्यभर एकमेकींचं तोंड बघितलं नसतं."

उस्मानचाचा डोकावले. बघून म्हणाले, "शनिवारची बैठक आहे ही."

पहाटे इरफानच्या मंडळींना सोडायला विमानतळावर मीही गेले. आमच्यापासून पंधरा मिनिटांवर. झोया कानात हेडफोन घालून बॅगेवर बसलेली, कोणाकडे बघत नव्हती. खालानं पट्टा बांधलेल्या हातानं कशीबशी पिशवी पुढं केली. झोयानं आत बघितलं. हेडफोन काढले.

"यू मेड विचेस?"

"एक मी, एक अनूआंटीनं."

झोया नक्षीवरून बोट फिरवत राहिली. नजर बारीक पोरीची. "दादी, व्हाय आर हर फीट बॅकवर्ड्स?"

खाला खाली वाकली. "ती कुठंही जाऊ दे ना बेटा, तोंड पुढं असतं. पण पावलं घराकडं असतात. म्हणून हरवत नाही कधी."

झोयानं हातमोजे चढवले. दोन्ही हात समोर धरले, दोघी चेटकिणींची नाकं एकमेकींना टेकवली. "दे आर टॉकिंग," ती म्हणाली. आणि मग ते नारंगी हात दादीच्या गळ्यात पडले ते इरफाननं दोनदा हाक मारली तरी सुटेनात. सुटले तेव्हा पोरगी मराठीत म्हणाली, "दादी, मी काढणार नाही." उच्चार सगळा वाकडा होता. विमानतळाच्या एसीत ती ते घालूनच आत गेली.

आठ दिवसांनी खाला आणि चाचा निघाले. त्यांना सोडायला मी आणि माझा नवरा. घर रिकामं करताना खालानं सुयांचा बिस्किटाचा डबा मला दिला होता, आणि सक्त ताकीद: आतून बघत जा. प्रवेशाच्या दाराशी तिनं डाव्या हातानं माझा हात धरला. मनगटाला कडं घातलं, तळव्यावर वीत ठेवली. माप तिला तोंडपाठ होतं, तरी घेतलं. मग निघाली.

मला वाटलं, वळून एकदा हात हलवेल. पण ती वळलीच नाही, कारण तिनं आमच्याकडे पाठच केली नाही. आमच्याकडे तोंड करून, एक एक पाऊल मागं टाकत, ती ठेंगणी बाई आत जायला लागली. चाचा तिचं कोपर धरून गुमान चालत होते. गार्ड म्हणाला, "मॅडम, सामने देखो, गिर जाओगी."

"नहीं गिरती, हबीबी," खाला म्हणाली. "पाँव को पता है."

माझ्या डोळ्यांत पाणी होतं, तरी मी तिच्या पायांकडेच बघत होते. पांढऱ्या बुटांतली दोन पावलं, मागं मागं जात होती आणि शेवटपर्यंत आमच्याकडे तोंड करून होती.